'ते पात्र वाईट आहे' म्हणजे नक्की काय?

'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकी मालिका दुसऱ्यांदा बघून संपवली आणि ताईशी जुंपली. मी म्हटलं, "स्कायलर हे वाईट पात्र आहे." ती म्हणाली, "काहीतरीच काय, सगळ्यांत चांगलं तेच तर आहे." अर्धा तास तावातावाने भांडल्यावर ध्यानात आलं, मी स्कायलरच्या वागण्याबद्दल बोलतोय आणि ताई तिच्या लेखनाबद्दल. मराठीत या दोन गोष्टी वेगळ्या सांगायची सोय आहे का? पात्र, व्यक्तिरेखा, भूमिका हे तिन्ही शब्द मी तरी कुठेही कसेही वापरतो. आणि आलोच आहे तर हेही विचारतो: सीझनला पर्व म्हणायचं की हंगाम?

* * *

सोय आहे, पण आपण सगळे शब्द एकाच खुंटीला टांगतो.

पात्र म्हणजे मुळात भांडं. 'पा' म्हणजे पिणे, ज्यातून प्यायचं ते पात्र. पुढे ज्यात काही मावतं ते, म्हणून नदीचं पात्र. मग ज्याच्या ठायी काही ठेवण्याजोगं आहे तोही पात्र. पात्रता, अपात्र हे तिथलेच. नाटकातलं पात्र याच रांगेत बसतं. कथेने एक जागा करून दिली आहे आणि त्या जागेवर कुणीतरी आहे, एवढंच हा शब्द सांगतो. अमली पदार्थ बनवणाऱ्या वॉल्टरची बायको, हिशेबात पक्की, नवऱ्याची थाप पकडणारी आणि पुढे त्याचाच काळा पैसा गाड्या धुण्याच्या धंद्यातून पांढरा करणारी बाई, हे झालं पात्र.

व्यक्तिरेखेत 'रेखा' आहे. रेघ आली की ती ओढणारा हात आला. म्हणून व्यक्तिरेखा ठसठशीत असते, पुसट असते, कच्ची असते, अर्धवट सोडलेली असते. कानाला विचारून बघा. 'पात्र खुनशी आहे' सहज येतं, 'व्यक्तिरेखा खुनशी आहे' किंचित अडखळतं. उलट 'व्यक्तिरेखा पुसट आहे' चालतं, 'पात्र पुसट आहे' म्हटलं की छपाईत काहीतरी गडबड झाल्यासारखं वाटतं. पात्राला माणसाची विशेषणं लागतात, व्यक्तिरेखेला चित्राची.

भूमिका मात्र नटाची. ती वठते, रंगते, किंवा पडते. (सरकारचीही भूमिका असते, आणि तीही बरेचदा वठवलेलीच असते, पण ते असो.)

तुमच्या उदाहरणातच या तिन्हींची सरमिसळ कशी महागात पडते ते दिसतं. स्कायलरवर प्रेक्षकांचा एवढा राग होता की ती भूमिका करणाऱ्या ॲना गनने २०१३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहिला. पात्राचा राग लोक थेट तिच्यावर काढत होते. त्याच भूमिकेसाठी तिला २०१३ आणि २०१४ अशी सलग दोन वर्षं एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाली. म्हणजे पात्र नावडतं, भूमिका बक्षीसपात्र, आणि व्यक्तिरेखेबद्दल तुमचं आणि ताईंचं भांडण.

खरा गुन्हेगार 'वाईट' हा शब्द आहे. माणसाबद्दल बोलायचं तर दुष्ट, कावेबाज, खुनशी, आतल्या गाठीचा, आपमतलबी अशी रास पडली आहे. लेखनाबद्दल बोलायचं तर कच्चं, ठोकळेबाज, बेतलेलं, ओढूनताणून आणलेलं. 'वाईट' म्हणायचंच नाही असं ठरवलं तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत.

* * *

'किरदार' राहिलाच की! हल्ली मराठीतही कानावर येतो. आणि हिंदीच्या नादाने कुणी 'चरित्र' म्हणालं तर मला दोन खंडांचा ग्रंथ डोळ्यांपुढे येतो.

* * *

किरदाराशी माझं वैर नाही, पण पात्र हाताशी असताना तो कशाला? त्यापेक्षा मला दुसरंच विचारायचं आहे. वॉल्टर व्हाइटला काय म्हणायचं? खलनायक म्हणवत नाही, कारण कथा त्याचीच. नायक म्हणायला जीभ रेटत नाही. 'प्रतिनायक' चालेल?

* * *

मराठी समीक्षेत या अर्थाने प्रतिनायक वापरलेला दिसतो, पण जुना अर्थ वेगळा आहे. 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात प्रतिनायक म्हणजे नायकाचा विरोधक, रामापुढचा रावण. त्याची लक्षणंही दिली आहेत: लोभी, धीरोद्धत (धीट पण उद्धट), हेकट, पापी, व्यसनी आणि शत्रू. आता वॉल्टरला एकेक लावून बघा. लोभ आहे. उद्धटपणा तर पहिल्या सीझनपासून हळूहळू वर येत जातो. हेका, पाप यांना पुरावा नको. व्यसन सत्तेचं. फक्त शेवटचं लक्षण अडतं: शत्रू कोणाचा? समोर राम हवा ना! म्हणून मी आपलं 'नासलेला नायक' म्हणतो. पारिभाषिक नाही, पण ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

* * *

आता पर्वाबद्दल, कारण माझा जीव त्यात अडकला आहे.

संस्कृतात पर्व म्हणजे पेरं, सांधा, बांबूच्या दोन कांड्यांमधली गाठ. आणि कांड म्हणजे दोन गाठींमधला सरळ तुकडा. महाभारताची १८ पर्वं, रामायणाची ७ कांडं. दोन्ही नावं वेळूच्या बेटातून आलेली. खरं तर सीझन हा तुकडा, म्हणजे कांडच म्हणायला हवं. पण 'दुसरं कांड सुरू झालं' असं म्हणून बघा, लोक घोटाळ्याची बातमी समजतील.

तर पर्व. पण गाठ हा अर्थ विसरू नये असं मला वाटतं. महाभारतातली युद्धाची पर्वं बघा: भीष्म, द्रोण, कर्ण. सेनापती पडला की पर्व संपत आलंच. कथेला तिथे खरंच गाठ पडते. 'द वायर' या मालिकेत असं होतं. पहिल्यात अमली पदार्थांचा धंदा, दुसऱ्यात बंदरावरचे कामगार, मग महापालिकेचं राजकारण, मग शाळा, मग वर्तमानपत्र. दुसऱ्यावर चाहते अजून भांडतात, 'आमची माणसं सोडून हे गोदीवाले कोण आणले' म्हणून. भांडोत, पण पाचही पर्वं आहेत याबद्दल दुमत नसावं.

'ब्रेकिंग बॅड'चा पाचवा सीझन मात्र १६ भागांचा, त्यातले ८ भाग २०१२ मध्ये आणि ८ भाग २०१३ मध्ये दाखवले. मोजणीत सीझन एक, पण मधे वर्षभराची फट आणि कथेलाही तिथेच गाठ, कारण पहिले आठ भाग संपतात तेच वॉल्टरच्या साडूला, अमली पदार्थविरोधी खात्यातल्या हँकला, त्याचं गुपित कळून. माझ्या हिशेबी ती दोन पर्वं. सीझन वाहिनी मोजते, पर्व कथा मोजते. मी दोन्ही शब्द ठेवतो: पहिला सीझन, पहिलं पर्व. लिंगही वेगळं, कामही वेगळं.

'गेम ऑफ थ्रोन्स'चे पहिले सहा सीझन १० भागांचे, सातवा ७ आणि आठवा ६ भागांचा. शेवट उरकला अशी बोंब झाली. महाभारताची शेवटची तीन पर्वंही चिमुकली आहेत, पण तिथे सांगायचंच तेवढं उरलं होतं.

* * *

हंगामालाही न्याय द्या. इंग्रजी 'सीझन'चं मूळ लॅटिनमध्ये पेरणीपाशी जातं. अमेरिकी वाहिन्यांचं वर्षही शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपायचं, म्हणजे हंगाम शब्दशः बरोबर. खेळांच्या स्पर्धांना आपण हंगाम म्हणतोच. अडचण एवढीच की एकदम सगळे भाग टाकून मोकळं होणाऱ्यांना कसला आलाय हंगाम! 'हंगामी पात्र' मात्र मी आजपासून वापरणार. चार भागांपुरतं येतं, गोंधळ घालतं, जातं.

* * *

सगळं ताईला वाचून दाखवलं. तिने 'व्यक्तिरेखा उत्तम' एवढं माझ्याकडून लिहून घेतलं. मी म्हटलं, ठीक, पण पात्र आपमतलबी आहे. त्यावर ती म्हणाली, "आपमतलबी नाही, कात्रीत सापडलेलं." पुन्हा सुरू झालंय.