तरण तलावात काच फुटली आहे, ती पूर्णपणे कशी काढावी?

बार्देशवासी:
घरामागच्या तरण तलावात काच फुटली असून ती आज-उद्यात निघालीच पाहिजे, कारण चतुर्थीला भावंडांची मुले येणार आहेत आणि आल्या आल्या ती पाण्याकडेच धावतील. मोठे तुकडे जाळीने काढले, परंतु बारीक चुरा तळाशी आहे आणि वरून काहीच दिसत नाही. पंप चालू ठेवून फिल्टरला तो ओढू द्यावा का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लवकर उत्तर द्यावे.

पंपदुरुस्ती_फोंडा:
पंप आधी बंद करावा. तळाच्या जाळीतून काच ओढली गेली, तर मोठे तुकडे पंपाच्या टोपलीत अडकतात, पण चुरा पुढे जाऊन इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे फिरते चाक) खरवडतो, आणि फिल्टर कार्ट्रिजचा (घडीच्या कापडी नळकांड्याचा) असेल तर त्याचे कापडही फाटू शकते. काच कसली होती, तळ टाइलचा आहे की फायबरचा आणि फिल्टर कोणता, हे कळल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

माडवन:
पाणी पूर्ण उपसणे हाच खात्रीचा उपाय आहे. काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे 1.5 आणि पाण्याचा 1.33 आहे. हा फरक हवेच्या तुलनेत फार कमी असल्यामुळे स्वच्छ काच पाण्यात जवळजवळ अदृश्य होते. म्हणून तळ स्वच्छ दिसला, तरी तो स्वच्छ आहे असे मानू नये.

तिसवाडी:
भर पावसाळ्यात हा सल्ला देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात 48 टन पाणी असते, आणि त्याच वजनाने तलाव जमिनीत दाबून राहतो. भूजल वर आलेले असताना तो रिकामा केला, तर खालच्या दाबाने फायबरचा तलाव वर उचलला जातो आणि काँक्रीटच्या तळाला तडे जातात.

माडवन:
गोव्यात पर्वरीच्या पठारावर आणि नदीकाठच्या खाजणाजवळ (खाऱ्या पाण्याच्या सखल शेतजमिनीजवळ) एकच नियम लागू होत नाही. घरच्या विहिरीत पाणी कुठवर आले आहे ते पाहावे. तलावाच्या तळाहून ते खाली असेल, तरच उपसावे.

जलमित्र:
पाण्याचा पीएच 7.2 ते 7.6 ठेवावा आणि क्लोरीन संध्याकाळी टाकावे, म्हणजे पाणी हिरवे होत नाही.

बार्देशवासी:
पाण्याच्या रंगाविषयी माझा प्रश्न नाही. टेबलाची टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) काच होती, तळ टाइलचा आहे आणि फिल्टर वाळूचा आहे. विहीर जवळजवळ काठोकाठ भरली आहे, त्यामुळे उपसण्याचा मार्ग बंद झाला. आता काय करावे?

पंपदुरुस्ती_फोंडा:
टफन्ड काचेचे लहान दाणे होतात. ते सुरीसारखे नसले, तरी अनवाणी पायाला कापतातच. काच पाण्याहून अडीच पट जड असल्याने ती तळाशीच बसते, हे आपल्या फायद्याचे आहे. प्रथम काठावरची काच झाडून घ्यावी, नाहीतर पायांबरोबर ती पुन्हा आत जाईल. पाणी रात्रभर निश्चल ठेवावे. नंतर बागेचा रुंद पाइप पाण्याने भरून त्याचे एक टोक काठीला बांधावे आणि दुसरे उताराला खाली सोडावे. अशा सायफनने पंप न वापरता तळ इंच इंच झाडता येतो. टाइलांच्या फटी, पायऱ्यांचे कोपरे आणि स्किमरची (पृष्ठभागावरचा कचरा ओढणाऱ्या खिडकीची) टोपली विसरू नये. आपोआप फिरणारा क्लीनर लावू नये. अंधारात बॅटरी तिरपी धरली, की उरलेले दाणे चमकतात.

माडवन:
हे सगळे योग्य आहे, तरीही या चतुर्थीला मुलांना पाण्यात उतरवू नये. पाऊस संपून विहीर उतरल्यावर तलाव एकदा रिकामा करून ओल्या स्पंजने तळ पुसावा, असे माझे ठाम मत आहे.

बार्देशवासी:
मान्य आहे, मुलांना उतरू देणार नाही. पाइपातून किती काच आली ते पाहण्यासाठी मच्छरदाणीचे कापड पुरेल का?

पंपदुरुस्ती_फोंडा:
पुरेल, पण ते दुहेरी घ्यावे आणि पिशवीसारखे सैल बांधावे, कारण ताणून बांधल्यास ते भरून ओघ मंदावतो. क्लोरीनचे पाणी विहिरीच्या बाजूला सोडू नये.