सेकंड डिव्हिजन फुटबॉल धरायचंय, कुठली लीग धरू? (दुकान ८ ला बंद होतं)

मानवतकर_खतवाला
राम राम मंडळी. माझं मानवतला खत-बियाण्याचं दुकान आहे, पेरणीची गर्दी आता ओसरली, गल्ल्यावर बसून नुसता मोबाइल बघायलो आणि डोक्यात आलं की या सीझनला फुटबॉल नीट धरायचं. प्रीमियर लीग दहा वर्षं बघितली, आता कंटाळा आला, वर तेच पाच-सहा क्लब, तीच पैशाची मस्ती, आणि आमच्या ग्रुपवर आर्सेनलवाले आणि मँचेस्टरवाले एकमेकांचं जे काढतेत ते वेगळंच. मला खालच्या डिव्हिजनची लीग बघायचीये, जिथं वर चढायची मारामारी असते. कुठल्या देशाची धरू? अटी सांगतो, दुकान रात्री ८ ला बंद, सकाळी ८ ला उघडायचं, वय ४१, जागरण आठवड्यातून एकदाच झेपतं, टीव्ही मिळणार नाही (मालिका), डेटा रोजचा २ जीबी. एकच लीग सांगा आणि जमलं तर एक टीमपण. दहा सांगू नका, दहा मला गूगलपण सांगतं.

हळदीला_पाणी
दादा डोळे झाकून इंग्लंडची चॅम्पियनशिप, प्रीमियर लीगच्या खालची. २४ टीम, प्रत्येकीच्या ४६ मॅच, ऑगस्टला सोयाबीन फुलात असताना सुरू होते आणि उन्हाळी भुईमूग निघेपर्यंत चालते.

मी हिच्या नादाला कसा लागलो ते सांगतो, वसमतच्या बाजूला शेती आहे, आमच्या फिडरला थ्री फेज काही दिवस रात्रीचीच येते. हिवाळ्यात मंगळवार-बुधवारच्या मॅच आपल्याकडं रात्री १:१५ ला सुरू होतात. मग हळदीत दारं धरायचं, बॅटरी बांधावर, मोबाइल पाइपाच्या जोडाला टेकवून ठेवायचा आणि हाफटाइमला दारं मोडायचं. थंडीत हात गारठलेले, तिकडं इंग्लंडात बी पाऊस आणि चिखल, असं वाटतं आपल्याच वावरात खेळायलेत.

सिस्टीम सोपी आहे. पहिले दोन नंबर कन्फर्म तिकीट, थेट प्रीमियर लीग. तिसरा ते सहावा (२०२४-२५ ला) आरएसी. त्या चौघांत प्लेऑफ, सेमीफायनल दोन-दोन लेगची (एक मॅच घरी, एक बाहेर), फायनल लंडनच्या वेम्बली स्टेडियमला एकच मॅच, एक जण गाडीत चढणार बाकी तिघं प्लॅटफॉर्मवर. शेवटचे तीन खाली लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनला. म्हणून एप्रिलमध्येसुद्धा अर्ध्या टीमला काहीतरी कमवायचं किंवा गमवायचं असतंच, मधल्या आठ-दहा टीम सोडल्या तर कुणी निवांत नसतं.

२०२४-२५ चा सीझन घ्या. लीड्स आणि बर्नली दोघांचे १००-१०० पॉइंट. शंभर काढून दुसरा नंबर! बर्नलीनं ४६ मॅचमध्ये गोल खाल्ले फक्त १६, हरली फक्त दोनदा, तरी गोल डिफरन्सवर (केलेले गोल वजा खाल्लेले) लीड्स चॅम्पियन. शेवटच्या दिवशी, ३ मे ला, संध्याकाळी ५ ला सगळ्या मॅच एकदम सुरू. ९० मिनिटं झाली तेव्हा ट्रॉफी बर्नलीच्या नावावर होती, लीड्स तिकडं प्लिमथमध्ये १-१ वर अडकलेली, आणि ९१ व्या मिनिटाला मनोर सोलोमननं गोल केला. आमच्याकडं त्याच वेळेला लाइट गेली, मोबाइल ७ टक्के, मी गोठ्यात म्हशीजवळ उभा राहून बघितलं, रेंज तिथंच येते.

वाळूज_फर्स्टशिफ्ट
चॅम्पियनशिप चांगलीच आहे पण दादांचा टाइम बघा की. त्यांनी सेकंड बुंडेसलिगा बघावी, जर्मनीची. मी वाळूजला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्ट सुटून रूमवर येऊन चहा टाकला की मॅच सुरू. शनिवारी दुपारच्या मॅच आपल्या साडेचारला, रविवारच्या पाचला, हिवाळ्यात दोन्ही एक तास पुढं. १८ टीम, ३४ मॅच. जागरण नाही.

आणि स्टोरी म्हणाल तर हॅम्बुर्ग. एवढा मोठा क्लब, बुंडेसलिगातून कधीच खाली गेला नव्हता, स्टेडियममध्ये घड्याळ लावलं होतं की किती वर्षं टॉपला आहोत. २०१८ ला खाली आले. मग एकेक वर्ष म्हणत सात वर्षं लटकले. २०२३ ला तर कहर, शेवटच्या दिवशी यांची मॅच जिंकून झाली, अनाउन्समेंट झाली की अभिनंदन, पब्लिक मैदानात उतरली, गळ्यात गळे पडले. आणि तिकडं हायडेनहाइम ०-२ वरून येऊन ९०+३ ला एक आणि ९०+९ ला एक टाकून जिंकलं, चॅम्पियन पण तेच झाले. हे मैदानात नाचायलेत आणि मोबाइलवर बातमी. मला आठवलं की पोटात खड्डा पडतो, आणि मी हॅम्बुर्गचा फॅनपण नाही. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात उल्मला ६-१ नं हाणून वर गेले एकदाचे.

लातूरची_डावी_बॅक
माझं मत कुणी विचारलं नाही पण सांगते, स्पेनची सेगुंडा, तिथली सेकंड डिव्हिजन. सांती काझोर्ला, ४० वर्षांचा, आर्सेनलला खेळलेला माणूस, म्हातारपणी आपल्या गावच्या ओव्हिएदोला कमीत कमी पगारावर आला आणि २०२५ च्या जूनमध्ये प्लेऑफ फायनलला पेनल्टी मारून २४ वर्षांनी टीमला ला लिगात, म्हणजे तिथल्या वरच्या लीगमध्ये नेलं. मी रडले. बऱ्याच मॅच मात्र रात्री उशिरा असतात, त्यामुळं खतवाले काका तुमचं जमणार नाही.

मानवतकर_खतवाला
काका?? ४१ म्हणजे काझोर्लापेक्षा एकच वर्ष मोठा आहे मी.

@हळदीला_पाणी भाऊ ते आरएसीचं पटलं. पण मला एक सांगा, प्लेऑफमध्ये तिसऱ्या नंबरवाल्यावर अन्याय नाही का होत? वर्षभर राबून तिसरं यायचं आणि सहाव्यानं येऊन घेऊन जायचं.

हळदीला_पाणी
होतोय ना! तेच तर बघायचं आहे. २०२४-२५ ला तिसऱ्या आलेल्या शेफील्ड युनायटेडचे ९० पॉइंट होते, ते पण दोन कापल्यावर, दुसऱ्या क्लबांचे पैसे वेळेवर दिले नव्हते म्हणून. संडरलँड चौथी, ७६. चौदा पॉइंटचा फरक, म्हणजे जवळपास पाच मॅच जिंकल्याएवढा. आणि वेम्बलीला संडरलँड २-१. शेफील्डनं आधी गोल केला, दुसरा पण केला होता, तो व्हीएआरनं (व्हिडिओ बघून निर्णय देणाऱ्या रेफरीनं) काढून घेतला. ७६ व्या मिनिटाला मायेंडानं बरोबरी केली आणि ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसन. हे पोरगं १९ वर्षांचं, संडरलँडच्या अकॅडमीतलं, ब्रायटनला जायचं त्याचं आधीच ठरलेलं, घरचेच लोक त्याच्यावर थोडे खट्टू होते, आणि त्या क्लबसाठीचा शेवटचा गोल हा. लग्न ठरलेल्या पोरीनं जाता जाता घरावरचं कर्ज फेडून जावं तसं.

त्याच्या आधी सेमीफायनल कोव्हेंट्रीबरोबर, १२०+२ मिनिटाला डॅन बॅलर्डचं हेडर. आपल्याकडं पहाटेचे तीन वाजलेले. मी ओरडलो, बाबा उठले, त्यांना वाटलं मोटर जळाली. गोल झालाय म्हणल्यावर दोन मिनिटं नुसते माझ्याकडं बघत होते.

शेफील्ड युनायटेड आतापर्यंत दहा वेळा प्लेऑफ खेळली, एकदा पण वर गेली नाही. तुम्हाला सोसायची हौस असेल तर हीच टीम धरा.

गाडी_नंबर_नांदेड
शेवट सांगून टाकला की राव, मी ती फायनल डाउनलोड करून ठेवली होती.

असो. मला एक कळत नाही, आपली स्वतःची सेकंड डिव्हिजन आहे तिचं नाव कुणी कामून घेईना? आय-लीग. २०२२-२३ पासून ती आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग, आपली वरची लीग) खालची लीग झाली आणि चॅम्पियनला वर जायला मिळायला लागलं. पहिल्या वर्षी पंजाब गेली, दुसऱ्या वर्षी कोलकात्याची मोहम्मडन. आणि आपल्या सगळ्यात जवळची टीम कुठली तर हैदराबादची श्रीनिदी डेक्कन. त्या दोन्ही वर्षी दुसरा नंबर आला त्यांचा. मी गेलोय, नांदेडहून देवगिरीनं सिकंदराबाद, मग शहराबाहेर डेक्कन अरेनापर्यंत रिक्षावाल्याला पटवत पटवत. पब्लिक मोजकीच, त्यामुळं गोलकीपर काय ओरडतोय ते शब्द न शब्द ऐकू येतं, बॉल पायाला लागल्याचा ठप्प आवाज येतो. ते मोबाइलवर नाही येत, कितीपण एचडी असू द्या. इराण्याचा चहा आणि बिर्याणी वरून. मानवत रोडहून तुम्हालापण गाडी आहे.

वाळूज_फर्स्टशिफ्ट
आय-लीगची शिफारस आणि ती पण २०२४-२५ च्या गोंधळानंतर? दादा त्यांना चॅम्पियन कोण हेच जुलैपर्यंत माहीत नव्हतं.

गाडी_नंबर_नांदेड
ते मान्य. झालं असं, सीझन एप्रिल २०२५ ला संपला तेव्हा टेबलवर चर्चिल ब्रदर्स ४०, इंटर काशी ३९. पण जानेवारीत नामधारी नावाच्या टीमनं इंटर काशीला हरवलेली मॅच होती, तिच्यात नामधारीचा खेळाडू पात्र नव्हता अशी तक्रार. एका कमिटीनं काशीला पॉइंट दिले, अपिलाच्या कमिटीनं काढून घेतले, ट्रॉफी चर्चिलच्या हातात दिली, काशीवाले स्वित्झर्लंडला खेळाच्या कोर्टात गेले आणि १८ जुलै २०२५ ला निकाल आला, चॅम्पियन इंटर काशी. आपल्याकडं फेरफार एकाच्या नावानं होतो आणि अपिलात रद्द होऊन सातबारा दुसऱ्याच्या नावावर लागतो, सेम टू सेम तेच. फक्त आपल्याकडं तीन महिन्यांत निकाल लागत नाही.

आणि २०२५ च्या जुलैत वर आयएसएलच थांबवून ठेवली होती, म्हणजे चढून जायचं कुठं हा प्रश्नच होता. तरी मी म्हणतो एक मॅच प्रत्यक्ष बघा. एक. लीग कुठलीपण धरा.

मानवतकर_खतवाला
हे पटलं, दिवाळीनंतर कापसाची धांदल उरकली की एक रविवार काढतो, पोरालापण नेतो.

पण एक शंका, मी ऐकलंय चॅम्पियनशिपमधून वर गेलेले परत लगेच खाली येतेत. मग अर्थ काय त्या चढण्याला?

हळदीला_पाणी
येतेत, खोटं नाही बोलणार. सलग दोन सीझन झालं, तीन वर गेले ते तिन्हीच्या तिन्ही पुढच्या वर्षी खाली. २०२३-२४ ला बर्नली, शेफील्ड युनायटेड, ल्यूटन आणि २०२४-२५ ला लेस्टर, इप्सविच, साउथॅम्प्टन. साउथॅम्प्टनचे तर अख्ख्या सीझनचे १२ पॉइंट. वरची लीग आणि खालची लीग यांच्यात पैशाची एवढी मोठी दरी आहे की जुन्या टीमवर गेलं तर टिकत नाही आणि टीम विकत घेतली तर कर्ज होतं. खाली येणाऱ्याला काही वर्षं पॅराशूट पेमेंट मिळतं, म्हणजे पडताना लागू नये म्हणून पैसे, मग ते पैसेवाले खाली येऊन बाकीच्यांना चोपतेत आणि परत वर. चॅम्पियनशिपमधला माझा खरा राग यावरच आहे. पहिल्या दोन जागांची मजा त्यामुळं कमी झालीये, प्लेऑफमध्ये मात्र अजून जीव आहे.

मानवतकर_खतवाला
ठरलं मग, चॅम्पियनशिप, शनिवार-रविवारच्या मॅच. दुपारच्या दुकानात काट्यावर मोबाइल ठेवून, बाकीच्या घरी. टीम पण ठरवली, ल्यूटन. व्हिडिओ बघितला, बाहेरच्या पब्लिकला लोकांच्या घरांच्या ओळीतून जिने चढून स्टेडियममध्ये जावं लागतं, खाली कुणाच्यातरी परसात कपडे वाळत घातलेले. आपल्या गल्लीतल्यासारखंच वाटलं.

लातूरची_डावी_बॅक
दादा (बघा, सुधारले), ल्यूटन २०२५-२६ ला चॅम्पियनशिपमध्ये नाहीये. २०२४ ला प्रीमियर लीगमधून खाली, २०२५ ला परत खाली, थेट लीग वन. हल आणि ल्यूटन दोघांचे ४९ पॉइंट, गोल डिफरन्सवर हल वाचली.

मानवतकर_खतवाला
च्या मारी. टीम निवडायच्या आधीच पडली.

हळदीला_पाणी
😂 कोव्हेंट्री घ्या. २०२५ ला कोच फ्रँक लॅम्पार्ड, नाव तरी ओळखीचं. २०२३ ला प्लेऑफ फायनलला ल्यूटनकडूनच पेनल्टीवर हरले, २०२५ ला सेमीफायनलला त्या १२०+२ वर. दोन वर्षांत दोनदा दारातून परत फिरलेत. आणि रेक्सम पण २०२५-२६ ला इथंच आहे, सलग तीन वर्षं तीन प्रमोशन घेऊन आलेली, पण तिच्या मागं सगळं जग लागलंय, तुम्ही कशाला.

मानवतकर_खतवाला
कोव्हेंट्री फायनल. सुरू कधी होतंय?

हळदीला_पाणी
८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री साडेबाराला, बर्मिंगहॅम विरुद्ध इप्सविच. कोव्हेंट्री त्यानंतर. ॲपचे पैसे वर्षाचे एकदम भरू नका, यांचे हक्क कुणाकडं असतेत ते बदलत राहतंय, मी एकदा फसलोय. पहिल्या महिन्यात एकेका मॅचचा पास घ्या.

मानवतकर_खतवाला
९ ला राखी पौर्णिमा आहे भाऊ, बहीण परभणीहून सकाळी ७ च्या एसटीनं येते. बघतो मॅच. राखी झोपेतच बांधून घेईन.