मदत हवी आहे: घरी स्की बनवायचा मोल्ड, टिकाऊ आणि ॲडजस्ट होणारा

रंधावाला_इंदूर:
मंडळी, इंदूरला बसून स्की बनवतोय म्हटल्यावर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या. पोलोग्राउंडला आमचं छोटंसं फर्निचरचं वर्कशॉप आहे आणि भाचा गुलमर्गला बेसिक कोर्स करून आल्यापासून डोकं खातोय की मामा, तू लाकूडवाला ना, मग दे करून. तसा प्रकार समजलाय, खाली यूएचएमडब्ल्यू प्लास्टिकचा बेस, कडेनं स्टीलची पट्टी, मधे लाकडाचा कोअर, त्याच्या खाली-वर ग्लास फायबर आणि इपॉक्सी, सगळ्यात वर टॉपशीट. कोअरला रंधा मारून टोकाकडे २ मिमीपर्यंत उतरवत नेणं हे तर आपलं रोजचंच काम. अडलंय ते मोल्डवर.

बहुतेक लोक एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) फासळ्या कापून जोडतात आणि वर ॲल्युमिनियमची शीट ठोकतात. पण एमडीएफच्या कापलेल्या कडा आपल्या पावसाळ्यात पाणी ओढून फुगणारच, आणि कॅम्बर म्हणजे मधला उंचवटा आहेच मुळी ५ मिमीच्या आसपास, त्यात एक-दीड मिमी इकडचं तिकडं झालं की संपलं. शिवाय भाच्याला १७६ सेमी पाहिजे, ताईला १६०, दर वेळी नवा मोल्ड कोण करत बसणार?

म्हणून विचार असा की लोखंडी चौकोनी पाइपची दोन मीटरची फ्रेम, त्यावर दर १० सेमीवर आडवी पट्टी, प्रत्येक पट्टी दोन स्टडवर, वर-खाली नट, आणि वरून २ मिमी ॲल्युमिनियम. नट फिरवा, कॅम्बर बदला. पण हिशोब केला तर व्हॅक्यूमचा (थरांवर प्लास्टिकची बॅग लावून आतली हवा ओढायची) ०.९ किलो प्रति चौ. सेमी दाब धरला तरी दोन पट्ट्यांमधे शीट अर्धा मिमी खाली बसते, म्हणजे बेसवर लाटा उमटणार. ३ मिमी घेतली तर स्कीच्या पुढच्या टोकाच्या वळणाला कायमची वाकेल, मग ॲडजस्ट काय कप्पाळ होणार. पट्ट्या जवळ घेऊ का? आणि हीटरनं ८० डिग्रीला नेल्यावर शीट लांबते ती कुठं सोडायची?

बर्फ_बघितला_नाही:
विकत घ्या ना हो, स्वस्त पडेल.

रंधावाला_इंदूर:
स्वस्तात करायचंय असं कुठं लिहिलंय भिया?

फिटर_बडोदा:
पट्ट्या ५ सेमीवर घेतल्या तर झोळ सोळाव्या हिश्श्यावर येईल, पण स्टड दुप्पट, नट फिरवता फिरवता दिवाळी येईल. त्यापेक्षा पट्ट्या आणि शीटच्या मधे ६ मिमी हायलम (बेकेलाइटसारखी कडक शीट) टाका. एवढ्या कॅम्बरला ती आरामात वाकते आणि ८० डिग्रीला तिला काही होत नाही. फक्त पुढची-मागची वळणं ॲडजस्टेबल करायच्या फंदात पडू नका. तिथं आयएस ७१० च्या मरीन प्लायचे ठोकळे करा, कडा इपॉक्सीनं सील, डॉवेल पिनवर बसवा, पाहिजे तो सेट लावा. लांबी मधल्या भागात कमी-जास्त करा. सांध्यावर उंची जुळणं पुरत नाही, उतारपण जुळला पाहिजे, नाहीतर स्कीला तिथं कोपरा दिसेल.

गळती_टेस्टर:
एक गोष्ट दोघांच्याही हिशोबात नाही. बॅग ॲल्युमिनियमच्या शीटलाच टेप लावून सील केली तर वरून जेवढी हवा दाबते तेवढीच शीटच्या खालूनपण दाबते. शीट पट्ट्यांवर दबतच नाही, तर झोळ कसला येणार? उलट थर लावल्यावर कोअर सरळ व्हायला बघतो आणि शीटला घेऊन वर उचलतो. म्हणजे स्टडनं शीट खाली ओढून धरली पाहिजे, नुसता टेकू देऊन भागणार नाही. लाटांची भीती फायर होजच्या प्रेसला (आगीच्या बंबाचा पाइप हवेनं फुगवून वरून दाबायचा), तिथं ४० पीएसआय म्हणजे तुमच्या तिप्पट दाब एकाच बाजूनं येतो. तसा प्रेस असेल तर हायलम पाहिजेच.

रंधावाला_इंदूर:
अरे वा! पण ओढायला शीटला भोकं पाडली तर व्हॅक्यूम गळेल ना? खालून काही चिकटवून ८० डिग्रीला टिकवायचं म्हणजे परत डोकेदुखी.

गळती_टेस्टर:
शीट ३० सेमी रुंद घ्या. बॅगची टेप मधल्या २० सेमीच्या आत संपवा, भोकं टेपच्या बाहेर. दोन्ही कडांवर प्रत्येक पट्टीला एक-एक बोल्ट. मधल्या पट्टीवर गोल भोक, बाकी सगळीकडे लांबट खाच, बोल्ट हातानं आवळून पाव आटा सैल. १.८ मीटर ॲल्युमिनियम ६० डिग्रीनं तापलं तर अडीच मिमी लांबतं, दोन्हीकडे सव्वा-सव्वा वाटलं जाईल. आणि नट सेट करताना टोकापासून टोकापर्यंत गिटारची तार ताणा, दोरा नको, दोरा झोळतो.

रंधावाला_इंदूर:
हे जमेल. ३० सेमी पन्ना सियागंजला विचारतो, नाहीतर मोठी शीट कापून आणतो. फिटरभाऊ, हायलमची ग्लॉसी बाजू वर ठेवायची का खाली?

फिटर_बडोदा:
वर. ॲल्युमिनियम तिच्यावरून सरकलं पाहिजे.