‘रिडिम’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणारा : जमैकातल्या डान्सहॉल या संगीतप्रकारावर लेख लिहितोय. एकेका अल्बमवर ‘विविध कलाकार’ छापलेलं असतं, गायक दहा-पंधरा, आणि सगळ्यांच्या मागे वाजतं तेच. या ‘तेच’ला तिकडे रिडिम म्हणतात. मी ‘ठेका’ लिहिलं, पण पटत नाहीये.

तबलावाला : रिडिम हा ‘रिदम’चाच जमैकन उच्चार, पण अर्थ केव्हाच पसरलाय. ड्रम, बेसची ओळ, कीबोर्डचे तुकडे, सगळं मिळून रिडिम. 1985 चा ‘स्लेंग टेंग’ घ्या. कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डात ‘रॉक’ नावाचा तयार नमुना होता. बटण दाबलं की ड्रमसोबत बेसही सुरू. किंग्स्टनमध्ये निर्माता किंग जॅमीनं त्याचा वेग कमी केला आणि वेन स्मिथ त्यावर गायला. पुढे त्याच रिडिमवर टेनर सॉ आला, जॉनी ऑस्बर्न आला. लोकांच्या कानात बसली ती बेसची ओळ. ठेक्यात ती कुठे मावणार? त्यापेक्षा आमचा लेहरा जवळचा. पेटीवर एकच ओळ फिरत राहते, वर तबलजी काय हवं ते वाजवतो.

नाटकवेडा : सरळ ‘चाल’ म्हणा की. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असायचंच.

तबलावाला : तिथे सूर उसना, शब्द नवे. इथे सूरही ज्याचा त्याचा. लेंकी मार्सडेनचा एक रिडिम आहे, नाव चक्क ‘दिवाली’! तुटक टाळ्यांचा. त्यावर शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ नाचायला उठवतं (2003 मध्ये अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिलं होतं), आणि वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ निवांत प्रेमगीत. टाळ्या काढून टाकल्या तर दोघांचं नातं लागणार नाही.

गझलवाली : मग शब्द घरातच आहे : जमीन! तरही मुशायऱ्यात सगळ्या शायरांना एक मिसरा (शेराची एक ओळ) देतात. त्याचं वृत्त, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हा पुन्हा येणारे शब्द) सगळ्यांना तेच, गझल मात्र प्रत्येकाची वेगळी.

विचारणारा : वा! पण ‘जॅमीची जमीन’ लिहिलं तर वाचक सातबारा शोधतील. लेखात एकदा जमिनीची उपमा देतो, पुढे रिडिमच. तो की ती?

तबलावाला : तो रिदम, तो ठेका, तसा तो रिडिम. आणि ‘डीजे’ जपून वापरा. तिकडे डीजे म्हणजे माइकवर लयीत बोलणारा, तबकड्या लावणारा तो सिलेक्टर. आपल्या मिरवणुकीतल्या ‘डीजे’ला, म्हणजे स्पीकरच्या भिंतीला, ते साउंड सिस्टिम म्हणतात.

विचारणारा : ‘जॅमीनं रिडिम बांधला’ चालेल?

तबलावाला : बंदिश बांधतात, मग रिडिम का नाही?