वाईट सिनेमा आणि गरीब सिनेमा यांना एकाच माळेत ओवू नका

मॅटिनी_शो

आमच्या मित्रमंडळींत 'मराठीतले सर्वांत टुकार सिनेमे' अशी एक यादी फिरत होती. ती वाचून डोकं फिरलं म्हणून हा धागा. यादीतल्या निम्म्या सिनेमांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्याकडे पैसे नव्हते. नट अनोळखी, परदेशातलं गाणं नाही, पहिल्या दहा मिनिटांत काही घडत नाही, की लगेच टुकार. उलट ज्यांत ओळखीचे पाच चेहरे लंडनला जातात, तिथे गैरसमज होतात आणि शेवटी सगळे मिळून नाचतात, त्यांतला एकही सिनेमा यादीत नव्हता. ते इतके सपाट असतात की ते वाईट होते हेसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्या लेखी वाईट सिनेमा तो, ज्याच्या दिग्दर्शकाला स्वतःच्याच पात्रांबद्दल कुतूहल नाही. पैशाचा त्याच्याशी संबंध नाही.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) घ्या. विदर्भातलं गाव. ओळखीतल्या एका शेतकऱ्याने आत्महत्या केलेली आणि अलकाच्या मनात भीती बसते, की आता आपला नवराही तेच करणार. मग ती काय करते? स्वतःच्या पोराला बापाच्या मागावर ठेवते. बाप शेताकडे निघाला की पोरगं मागोमाग. घरात त्याच्या आवडीचं करायला लागते, त्याला सांभाळून बोलायला लागते, आणि त्या किसनाला कळतच नाही की एकाएकी आपले एवढे लाड का चाललेत. आपण हसतो आणि हसताहसता पोटात गोळा येतो. या प्रसंगाला लागतं काय? एक घर, एक बांध, तीन माणसं. बाकी सगळं डोक्यात आणि काळजात असावं लागतं. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी केलंयही जीव ओतून. पण 'शेतकरी आत्महत्या' हे दोन शब्द ऐकले की लोक पुढचं ऐकतच नाहीत.

तर तुमचा असा एखादा कमी पैशांतला, दुर्लक्षित, लाडका सिनेमा सांगा. पुरस्कारांची यादी नको, कुठल्या प्रसंगाने धरून ठेवलं ते लिहा. आणि असहमत असाल तर खुशाल भांडा.

खडूस_प्रेक्षक

असहमत. सिनेमा कमी पैशांत केला म्हणून तिकीट कमी लावलं होतं का? नाही ना? मग पन्नास कोटींचा असो की पन्नास लाखांचा, मी मोजमाप एकच लावणार.

आणि कमी बजेटचा म्हणून एक साचाच झालाय. उजाड माळ, त्यावरून लांबून चालत येणारा माणूस, तो कॅमेऱ्यापर्यंत पोचेस्तोवर आपण खुर्चीत चुळबुळ करणार. एक मोठ्या डोळ्यांचं पोर, एक आजारी म्हातारी, शेवटाला अभंग. राज्य सरकारचं अनुदान बरीच वर्षं अ दर्जाला ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख होतं. तेवढ्यावर डोळा ठेवून काढलेले सिनेमे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या दिग्दर्शकांना कुठलं आलंय कुतूहल? गरिबी दाखवली की समीक्षक गप्प बसतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. लंडनवाला सिनेमा निदान 'मी करमणूक आहे' असं तोंडावर सांगतो.

मॅटिनी_शो

साचा आहे, यात वाद नाही. पण साचा झाला की तो सिनेमा वाईट, मग त्यात माळ असो की लंडन. 'टिंग्या'तही (२००८) तुम्ही म्हणता ते सगळं आहे. गरीब शेतकरी, लहान पोर, आजारी म्हातारी. चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो, नांगराला निरुपयोगी ठरतो, बाप त्याला खाटकाला विकायला निघतो. आणि पोरगं विचारतं, की मग शेजारची म्हातारी नानीही थकली आहे, तिला का नाही विकत? मंगेश हाडवळे यांनी हा प्रश्न भाबडेपणा म्हणून लिहिलेला नाही. तो खराच बिनतोड प्रश्न आहे आणि सिनेमातल्या एकाही मोठ्या माणसाकडे त्याला उत्तर नाही. साच्यातला सिनेमा इथे व्हायोलिन वाजवून मोकळा झाला असता.

खडूस_प्रेक्षक

'टिंग्या' मान्य. शरद गोयेकर या पोराचं काम तर अफाट, राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला. पण एका 'टिंग्या'च्या पुण्याईवर बाकीच्यांना किती वर्षं पोसायचं?

बूम_ऑपरेटर

मी डबिंग आणि साउंडच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लोक ज्याला 'टुकार अभिनय' म्हणतात तो पुष्कळदा टुकार आवाज असतो. चित्र जरा फिकट असलं तरी प्रेक्षक पाच मिनिटांत विसरतो. आवाज पोकळ आला तर शेवटपर्यंत विसरत नाही.

कमी बजेटमध्ये घडतं काय? कॅमेरा आणि लेन्स भाड्याने आणतानाच निम्मे पैसे संपतात. आवाजाला एक माणूस, एक बूम म्हणजे लांब दांड्यावरचा माइक. जनरेटर लांब ठेवायला केबल पुरत नाही म्हणून तो जवळच धडधडतो. मग 'डबिंगला बघू'. गावातल्या ज्या बाईंनी स्वतःच्या ओट्यावर बसून झकास संवाद म्हटला होता, त्यांना काही महिन्यांनी मुंबईत काचेच्या खोलीत उभं करतात, कानाला हेडफोन लावतात आणि पडद्यावरच्या स्वतःच्याच ओठांशी जुळवून बोला म्हणतात. त्या आखडतात. कुणीही आखडेल. तो आखडलेला आवाज लपवायला वरून पार्श्वसंगीताचा थर. झाला सिनेमा टुकार.

आता 'ख्वाडा' पाहा. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून केलेला सिनेमा. मेंढ्यांचा कळप घेऊन हिंडणारं धनगर कुटुंब, सगळं उघड्यावर. वारा, कुत्री, मेंढ्या, घंटा, त्यात बोलणारी माणसं. आवाज पकडायला याहून अवघड जागा नाही. त्याच सिनेमाला ६२व्या राष्ट्रीय पुरस्कारांत लोकेशन साउंडचा, म्हणजे शूटिंगच्या जागीच पकडलेल्या आवाजाचा पुरस्कार मिळाला. धाग्यात पुरस्कार नको म्हटलंय, पण हा सांगायलाच हवा, कारण पैसे नसतानाही कुठे हात आखडायचा नाही हे त्या माणसाला कळलं होतं. हेडफोन लावून बघा. कळप जवळ येतो तो आधी कानाला कळतो.

खडूस_प्रेक्षक

@बूम_ऑपरेटर, फार छान लिहिलंत, पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ज्याला आवाजाचं नियोजन जमलं नाही त्याचा सिनेमा कच्चा. 'पैसे नव्हते' ही सबब चालणार नाही.

व्हिडिओ_कॅसेट

तुम्ही सगळे एकाच प्रकारच्या कमी बजेटबद्दल बोलताय. हिंदीत भुताखेतांचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंना विसरलात? 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) करायला ही मंडळी महाबळेश्वरला गेली आणि राहिली तिथेच शूटिंग उरकलं. सेट नाही, स्टार नाही. एक भाऊ कॅमेऱ्यामागे, एक आवाजाला, एक पटकथेला, दोघे दिग्दर्शनाला. 'पुराना मंदिर' (१९८४) तर तुफान चालला. निळा-हिरवा प्रकाश, धूर, करकरणारं दार, आणि तो सामरी नावाचा राक्षस. आमच्या पिढीला भीती म्हणजे काय ते त्याने शिकवलं.

लोक आज हे सिनेमे खिदळत बघतात, 'इतका वाईट की मजा येते' म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो. ते वाईट नाहीत. अंधारात काय दाखवायचं नाही हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, कारण दाखवायला पैसेच नव्हते. आपल्याकडे 'झपाटलेला'मध्ये (१९९३) महेश कोठारे यांनी एका बाहुल्यावर अख्खा सिनेमा उभा केला. रामदास पाध्ये यांचा तो तात्या विंचू आजही पोरांना माहीत आहे. कोट्यवधींचे ग्राफिक्सवाले राक्षस आले आणि गेले.

चौथी_सीट

खिदळण्याचा मुद्दा पटला नाही. सगळंच हसणं हिणवणारं नसतं. हिंदीतल्या 'गुंडा'चे (१९९८) यमक जुळवलेले संवाद आम्ही हॉस्टेलवर पाठ म्हणायचो, ते प्रेमानेच. तो सिनेमा चांगला आहे असं मी म्हणणार नाही. पण तो खराखुरा वाईट आहे, अर्धवट नाही. जेमतेम वाईट असलेल्या सिनेमापेक्षा मला तो कधीही चालेल.

गिरणा_काठ

हसणं कुणाचं आणि कुणावर, हे पाहायला हवं. मी मालेगावच्या जवळचा. नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. तिथे सिनेमे बघूनबघून, कापूनजोडून त्यांनी संकलन आत्मसात केलं आणि २००० साली गावातल्याच पोरांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. ट्रॅकिंग शॉटला, म्हणजे कॅमेरा पुढे सरकवत घ्यायच्या दृश्याला सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. सिनेमा गावात धो धो चालला, आणि गाव हसलं ते आपल्याच माणसांना पडद्यावर बघून. गब्बरच्या जागी ओळखीचा चेहरा, हीच गंमत.

पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या सिनेमावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यातला शफीक शेख यंत्रमागावरचा कामगार, अंगाने काटकुळा, आणि तो सुपरमॅन. आधी शिफ्ट, मग उडणं. पडद्यावर तो तंबाखूच्या साम्राज्याशी लढतो, आणि त्याचा स्वतःचा जीव गेला तोंडाच्या कॅन्सरने. तो माहितीपट बघून मग त्या सिनेमाला 'वाईट' म्हणून दाखवा. तांत्रिक दृष्ट्या काहीही म्हणा. पण दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून सिनेमा करतो, ती भूक मुंबईच्या किती निर्मात्यांकडे आहे?

खडूस_प्रेक्षक

भूक मोठी म्हणून कलाकृती मोठी होत नाही हो. माहितीपट उत्तम आहे. मूळ सिनेमा उत्तम आहे असं सिद्ध होत नाही.

गिरणा_काठ

तो तुमच्यासाठी केलेलाच नव्हता. ज्यांच्यासाठी केला त्यांनी पैसे मोजून पाहिला. तिथे विषय संपतो.

लातूरची_लेक

'ज्यांच्यासाठी केला' यावरून लिहिते. अशा प्रत्येक चर्चेत 'माहेरची साडी' (१९९१) वाईट सिनेमात जमा होतो, इथेही होणारच, म्हणून आधीच सांगते. माझी आई आणि मावश्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला तो बघायला गेल्या होत्या. विजय कोंडके यांनी तो राजस्थानी सिनेमावरून घेतला, सगळं भडक, मान्य. पण त्या काळी या बायकांना घरात मोठ्याने रडायची सोय नव्हती. अलका कुबल यांच्यासाठी रडताना त्या स्वतःसाठी रडत होत्या. तुमच्या फेस्टिवलवाल्या सिनेमांतला एक तरी त्यांच्यापर्यंत पोचला का? सकाळी अकराचा शो, तोही जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्सात, आठवडाभरात गायब. २०१५ साली मल्टिप्लेक्सात प्राइम टाइमला मराठी सिनेमा दाखवायचा निर्णय झाला, केवढा गदारोळ झाला तेव्हा. त्याने तालुक्यातल्या बाईला काय मिळालं?

मॅटिनी_शो

ताई, त्यांच्या रडण्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि वितरणाबद्दल तुमचा शब्दन्‌शब्द खरा आहे. तरी माझ्या मते तो सिनेमा वाईटच. त्या बायकांचं दुःख त्याने बरोबर हेरलं आणि मग त्याचीच आरती केली. सोसणारी ती चांगली, सोसून मेली तर देवी. रडून मोकळ्या झालेल्या बाया परत त्याच घरी गेल्या.

त्याच्याशेजारी जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, बहुतेक सगळे तिथलेच, कधी कॅमेऱ्यासमोर उभे न राहिलेले लोक. सुरुवातीलाच मुलगा मधे बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारताहेत, उंची किती, रंग असा का. ते स्वप्न असतं. मग खरं सुरू होतं. लग्नाची मुलगी सविता स्टुलावर बसते, समोर पुरुषांची रांग. नाव, शिक्षण, उंची, शेतातली कामं येतात का. ते उठतात, पोहे खातात, जातात. महिन्याभराने दुसरे येतात, तेच स्टूल, तेच प्रश्न. कॉलेजात तिला शिकवला जाणारा विषय समाजशास्त्र, त्यात स्त्री सक्षमीकरणाचा धडा. सविता झालेल्या नंदिनी चिकटे हिच्या चेहऱ्यावर दर वेळी थोडं काहीतरी कमी होत जातं, आणि कुणी रडत नाही.

खडूस_प्रेक्षक

आणि तेच तेच दाखवत राहतात. दोनदा कळलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला काय नवीन?

लातूरची_लेक

'स्थळ' मी आईला दाखवला. ती म्हणाली, 'हे तर रोजचंच आहे, यात सिनेमा काय?' उठून गेली नाही, पूर्ण पाहिला, पण हेच म्हणाली. तिचं मत मी 'तिला कळलं नाही' म्हणून बाजूला टाकणार नाही. ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांना तो रोजचा वाटतो आणि ज्यांना तो धक्का देतो ते टोरंटोच्या फेस्टिवलात बसलेत, ही मला अडचण वाटते.

बूम_ऑपरेटर

आईंच्या बोलण्यात मला उलट शाबासकी ऐकू आली. एवढ्या अनोळखी नटांना कॅमेऱ्यासमोर बसवून 'रोजचंच' वाटायला लावणं ही पडद्यावरची सर्वांत अवघड गोष्ट.

मॅटिनी_शो

@खडूस_प्रेक्षक, तिसऱ्या-चौथ्या वेळेला नवीन काहीच नाही, आणि दिग्दर्शक तिथेच ठाम राहिला म्हणून मला तो आवडतो. सविताला 'दोनदा झालं, आता कापा' म्हणता येत नाही. तुम्ही खुर्चीत चुळबुळलात तेवढी तरी सोय तुम्हाला होती. दुसरा कुणी असता तर तिसरी बैठक गाण्यात उरकली असती.

लातूरच्या ताईंची अडचण मात्र खरी आहे. मार्च २०२५ मध्ये 'स्थळ' चित्रपटगृहांत लागला तेव्हा सचिन पिळगांवकर यांचं नाव प्रस्तुतकर्ते म्हणून होतं, तरी तो किती तालुक्यांत पोचला? सामाजिक सभागृहं आहेत, महाविद्यालयांचे हॉल आहेत, बचत गटांच्या बैठका आहेत. तुमच्या आईंच्या वयाच्या पंचवीस जणी एकत्र बसून बघतील तर 'यात सिनेमा काय' याच्यापुढे बोलणं जाईल असं मला वाटतं.

खडूस_प्रेक्षक

तसा खेळ कुणी लावला तर मी येईन आणि पोह्यांचा खर्चही देईन. तरी चौथी बैठक कापायलाच हवी होती.