'अ‍ॅनॉनिमस' पाहून ज्यांचे डोळे उघडले त्यांच्यासाठी

घाटावरचा: एका मित्राने काल लिहिलं, "२०११चा 'अ‍ॅनॉनिमस' सिनेमा बघ. शेक्सपियरला, हातमोजे शिवणाऱ्याच्या पोराला, राजदरबारातलं काय कळणार? त्याच्या नावावरची नाटकं ऑक्सफर्डच्या अर्लचीच." झोप उडाली. अहो, हा अर्ल, म्हणजे सरदार, एडवर्ड द व्हिअर, १६०४ला वारला. 'टेम्पेस्ट' नाटकातलं वादळ सुचलं १६०९च्या बर्म्युडाच्या जहाजफुटीवरून. राणी एलिझाबेथविरुद्ध उठलेल्या एसेक्सच्या अर्लच्या माणसांनी बंडाच्या आदल्या दिवशी पैसे मोजून करवला तो 'रिचर्ड दुसरा'. सिनेमात तिसरा! का, तर कुबडा राजा दाखवून राणीच्या कुबड्या मंत्र्याला, रॉबर्ट सेसिलला, टोमणा मारता यावा.

मधुमालती: सिनेमा आहे तो. व्हनेसा रेडग्रेव्हची म्हातारी एलिझाबेथ दिसली का? तरुणपणीची तिचीच लेक, जोएली रिचर्डसन. त्यावर एक ओळ नाही, नुसत्या सनावळ्या.

घाटावरचा: दिसली. झकास. मित्र अभिनयाबद्दल बोलत नव्हता.

शंकेखोर: शेक्सपियरच्या हातच्या सह्या सहा, त्यांतही स्पेलिंग एकसारखं नाही. एवढ्या थोर लेखकाला स्वतःचं नाव धड लिहिता येऊ नये?

पेन्शनर: माझं नाव दाखल्यावर दत्तात्रेय, पेन्शनच्या कागदांवर दत्तात्रय, आधारवर दत्तु. तिसऱ्या खेपेला खिडकीतली बाई म्हणाली, "काका, तुम्ही नक्की कोण?"

मधुमालती: राजपत्रात छापून घ्या.

पेन्शनर: त्यालाही दाखला जोडा म्हणतात. कुठला जोडू?

शंकेखोर: विषय शेक्सपियर आहे.

पेन्शनर: मग मी कशावर बोलतोय?

घाटावरचा: दुखणं सह्यांचं नाहीच. 'असल्या घरातला लिहील कसा', हे आहे. तुकोबांनाही हेच ऐकवलं होतं.

शंकेखोर: तुकोबांना मध्ये आणू नका! मी कुणाची जात काढलेली नाही. पाच रात्री जागून ऑफिसच्या स्मरणिकेचा लेख मी लिहिला, छापला साहेबाच्या नावाने. फोटोसकट. तेव्हापासून वरच्या नावावर माझा विश्वास नाही.

घाटावरचा: म्हणजे लिहिलं कारकुनाने, मिरवलं साहेबाने. सिनेमा तर नेमकं उलटं सांगतोय, आणि तुम्ही साहेबाच्या बाजूने?

शंकेखोर: …बरं, 'टेम्पेस्ट' नेलंत. पहिल्या फोलिओतली, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातली, उरलेली ३५ माझ्याकडेच.

घाटावरचा: उपकार झाले.

पेन्शनर: मधुमालती, राजपत्राचा अर्ज ऑनलाइनच भरायचा ना? तिथे नाव कुठलं घालू?