मायनर स्केलमधील पाचव्या कॉर्डविषयी मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो; हार्मोनियम बरीच वर्षे वाजवली, आता कीबोर्ड शिकतो आहे. सी मेजर म्हणजे बिलावल थाट (सर्व शुद्ध स्वरांचा), हे लक्षात आल्यावर त्यातील सी, एफ, जी या मेजर कॉर्ड (एकत्र वाजवायचे तीन स्वर) सहज समजल्या. परंतु ए हा षड्ज धरला की ए मायनरचे स्वर असावरी थाटाप्रमाणे कोमल गंधार, धैवत आणि निषादाचे असल्याने पंचमावर ई मायनर यायला हवी, तरीही अनेक गाण्यांत तेथे ई मेजर का वाजवतात? तिच्यातील जी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, षड्जाकडे ओढतो, हे कीरवाणी रागामुळे कानाला पटते. मात्र चाल अवरोहात कोमल निषादावर थांबते, तेव्हा डाव्या हातात ई मेजर असली की दोन्ही निषाद एकमेकांवर आदळतात. अशा जागी ई मायनर घ्यावी की जी मेजर? जाणकारांनी कृपया एखाद्या ओळीचे स्वर लिहून सांगावे.